यंत्र-अवजारांची निगा : ठो करून बंद पडणारी जुनी पेट्रोल गाडी



ज्वारीची काढणी-मळणी उरकली की मंगळवेढ्याच्या काळ्या रानातून कडबा बाहेर पडू लागतो. पूर्वी तो बैलगाडीतून जाई, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणि पिकअपमधून जातो. या गर्दीत अजूनही एखादी जुनी पेट्रोल जीप दिसते. मागची बाके काढून तिथे हौदा बसवलेला असतो, रंग दोन-तीन वेळा बदललेला असतो आणि गाडीचे वय मालकाच्या थोरल्या मुलाएवढे असते. असल्या गाडीवर घराचा जीव असतो, आणि घराला तिचा तापही तेवढाच असतो.

अशीच एक जीप मी हरभऱ्याची पाहणी करायला गेलो असताना पाहिली. हौद्यात कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. गाडी खळ्याजवळ आली, मागून ठो असा बार झाला आणि इंजिन जागेवर बंद पडले. पोरे हसली. मालक, त्यांना आपण आबा म्हणू, खाली उतरून बॉनेट उघडू लागले. मी मात्र मागच्या बाजूला गेलो. सायलेन्सरच्या तोंडाजवळ कडबा लोंबत होता आणि त्याची दोन पाने काळी पडून वळली होती. पलीकडे पंधरा हातांवर सगळ्या वर्षाची गंजी उभी होती.

बार हा नुसता आवाज नसतो. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन तिथे पेटते तेव्हा बार होतो, आणि कधी कधी ज्वाळेची जीभ बाहेर येते. म्हणून अशा गाडीत कडबा, पाचट, भुसा किंवा बारदान भरू नका आणि ती खळ्यात नेऊ नका. दुरुस्त होईपर्यंत ती मोकळ्या जागेत उभी राहू द्या. एवढे आधी करा, मग पुढचे वाचा.

आबांचे म्हणणे असे होते : "साहेब, पेट्रोल येत नाही गाडीला. तीन येळा कार्बोरेटर खोलला, एकदा नवा घातला, एसी पंप बदलला, प्लग बदलले. गाडी सकाळी एका सेल्फात चालू होते. अर्धा-पाऊण तास पळाली की ठो करते अन्‌ बसते." खर्चाचा आकडा त्यांनी सांगितला नाही. तो काकूंनी सांगितला, कारण हिशेबाची वही त्यांच्याकडे होती.

आपण पिकाच्या बाबतीतही हेच करतो. पान पिवळे पडले की दुकानातून काहीतरी आणून फवारतो. पिवळे पान जुने आहे की कोवळे, हे पाहतच नाही. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्राची कमतरता असण्याचा संभव असतो, शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोहाची. रंग एकच, पण जागा वेगळी आणि उपायही वेगळा. गाडीचेही तसेच आहे. गाडी बंद पडते एवढे सांगून भागत नाही. कशी बंद पडते, केव्हा बंद पडते आणि आवाज कुठून येतो, हे तिन्ही सांगता आले पाहिजे.

मी आबांना विचारले, "बंद पडण्याआधी गाडी आचके देते का?" आबा विचारात पडले. उत्तर काकूंनी दिले. त्या रोज शेजारच्या बाकावर बसून बाजाराला जात.

"आचके न्हाई देत. चिमणीतलं तेल सरत आलं की ती आधी फडफडती, बारीक व्हती, मग विझती. अन्‌ वाऱ्याचा झोत आला की एकदम विझती. आमची गाडी वाऱ्यानं विझल्यावानी विझती."

इतके नेमके निदान मी गॅरेजमध्येही क्वचित ऐकले आहे. पेट्रोल कमी पडले की इंजिन धापा टाकते, ओढ कमी होते, रेस दिली तरी उचलत नाही, आणि मग बंद पडते. करंट गेला की किल्ली फिरवून बंद केल्यासारखे एका क्षणात बंद होते. आबांच्या जीपची तक्रार पेट्रोलची नव्हती, ठिणगीची होती. सगळा खर्च मात्र पेट्रोलच्या बाजूला झाला होता. यात मिस्त्रीला दोष देता येणार नाही. मालकानेच येऊन कार्बोरेटर खोल म्हणून सांगितले तर तो बिचारा कार्बोरेटरच खोलणार.

आता आवाजाविषयी. बार दोन ठिकाणी होतो. एक मागे सायलेन्सरमध्ये आणि दुसरा पुढे कार्बोरेटरच्या तोंडातून, ज्याला 'गाडी शिंकते' असे म्हणतात. मागचा बार होतो तेव्हा सिलिंडरमध्ये न जळलेले मिश्रण बाहेर गेलेले असते. ठिणगी मधेच चुकणे, टायमिंग मागे पडणे, मिश्रण फार दाट होणे ही त्याची मुख्य कारणे. उतारावर पाय काढला की बारीक फटफट होत असेल, तर सायलेन्सरच्या सांध्यातून बाहेरची हवा आत शिरते का तेही पाहावे. पुढची शिंक बहुतेक वेळा विरळ मिश्रणाची असते. विरळ मिश्रण हळूहळू जळते, आत घेणारी झडप पुन्हा उघडते तेव्हाही ते जळतच असते, आणि ज्वाळा उलटी कार्बोरेटरकडे येते. झडप नीट मिटत नसेल किंवा प्लगच्या दोन तारा अदलाबदल झाल्या असतील तरीही असेच होते.

आबांची गाडी मागे ठो करत होती, गरम झाल्यावरच करत होती, आणि चहा पिऊन येईपर्यंत थांबले की पुन्हा चालू होत होती. तेव्हा गरम झाल्यावर बिघडणारी आणि निवल्यावर सुधारणारी वस्तू शोधायची होती. ठिणगीच्या बाजूला अशा दोन वस्तू असतात, कॉइल आणि कंडेन्सर.

हौदा रिकामा करून, गाडी गंजीपासून दूर लावून आम्ही ती तशीच चालू ठेवली. पाऊण तासाने ती आपल्या वेळेवर बंद पडली. मग एक जादा प्लग तारेला लावला आणि त्याचा लोखंडी भाग इंजिनाच्या उघड्या लोखंडाला तारेने घट्ट बांधला, कार्बोरेटरपासून लांब. तार हातात धरायची नाही आणि मोकळी लोंबतही ठेवायची नाही. झटका बसतो, कॉइलही जाते. आबांच्या नातवाला सेल्फ मारायला सांगितले. ठिणगी पडली, पण पिवळसर आणि मरतुकडी. चांगली ठिणगी निळसर असते आणि चटचट वाजते. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून पॉइंट पाहिले तर प्लगवर दिसायला हवी ती चमक पॉइंटवरच दिसत होती, आणि पॉइंटची तोंडे जळून काळी झाली होती.

इथे कंडेन्सरचे काम थोडक्यात सांगतो. पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलचा प्रवाह तुटतो. तो जितका झटकन तुटेल तितकी ठिणगी जोरदार. पण तुटणारा प्रवाह उघडत्या पॉइंटमधून उडी मारायला बघतो. हा धक्का कंडेन्सर आपल्या पोटात घेतो, जसे कालव्याचे दार एकदम लावले की फुगलेले पाणी सांडव्याने निघून जावे तसे. कंडेन्सर बिघडला की सांडवा बंद होतो, ठिणगी पॉइंटवरच उडते आणि प्लगला कमी करंट जातो. काही कंडेन्सर थंड असताना काम देतात आणि तापले की दगा देतात. तो अंगठ्याएवढा असतो आणि किमतीने किरकोळ. म्हणूनच त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही.

नवा कंडेन्सर आणि नवे पॉइंट घातले. पॉइंटची फट फिलर गेजने अर्धा मिलिमीटर ठेवली. या जुन्या चार सिलिंडरच्या जीप इंजिनाला तेवढी लागते. प्लगची फट पाऊण मिलिमीटर. ही मापे त्या इंजिनापुरती आहेत, तुमच्या गाडीची तिच्या पुस्तकात पाहा. डोळ्याच्या अंदाजाने पॉइंट लावू नका. पॉइंटचा फायबरचा तुकडा झिजत जातो तशी फट कमी होते, फट कमी झाली की टायमिंग मागे पडते, आणि मग गाडी तापते, ओढत नाही, सायलेन्सरमध्ये बार करते. त्या फायबरला लावण्यापुरते ग्रीस कॅमवर असावे. जास्त लावले तर ते उडून पॉइंटवर बसते आणि नवेच दुखणे सुरू होते.

तुमच्या गाडीचे लक्षण काकूंनी सांगितलेल्या फडफडणाऱ्या चिमणीसारखे असेल तर गोष्ट निराळी. मग पेट्रोलच्या वाटेने, टाकीपासून सुरुवात करा. गाडी वीस किलोमीटर जाऊन बंद पडली की टाकीचे झाकण उघडून ऐका. फुस्स करून हवा आत गेली आणि त्यानंतर गाडी चालू झाली, तर झाकणाचे श्वासाचे भोक बुजले आहे. धुळीच्या दिवसांत हे वरचेवर होते आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च करावा लागत नाही. त्यानंतर फिल्टर, त्यानंतर पंप. पंप पाहताना इंजिन थंड असू द्या, कॉइलची तार काढा म्हणजे ठिणगी पडणार नाही, कार्बोरेटरकडे जाणारी नळी बाटलीत सोडा आणि सेल्फ मारा. पेट्रोल ठसठशीत उसळ्या मारत आले पाहिजे. जेट बुजले असेल तर सायकलच्या पंपाने फुंकून काढा. तार किंवा सुई घालू नका, भोक मोठे होते आणि मग गाडी जन्मभर जादा पेट्रोल पिते.

मिश्रण विरळ आहे की दाट हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. गाडी आचके देत असताना चोक थोडा ओढून पाहा. सुधारली तर मिश्रण विरळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडते आहे किंवा कुठून तरी चोरहवा शिरते आहे. अधिकच बिघडली, काळा धूर आला, तर मिश्रण दाट आहे. मग फ्लोट आणि त्याची सुई पाहा. प्लग काढलात तर तेही हेच सांगतील. चहाच्या रंगाचा प्लग निरोगी, काजळी धरलेला दाट मिश्रणाचा, पांढुरका विरळ मिश्रणाचा.

चोरहवा शोधण्यासाठी काही मिस्त्री कार्बोरेटरच्या पॅकिंगवर पेट्रोल उडवतात. चालू, गरम इंजिनावर पेट्रोल उडवणे म्हणजे विषाची परीक्षा आहे. साधे पाणी पिचकारीने बारीक उडवा. पाणी ज्या सांध्यावर पडल्याबरोबर इंजिनाचा सूर बदलतो, तिथे फट आहे. आणि हो, त्यासाठी घरातला फवारणीचा पंप आणू नका. तणनाशकाच्या पंपाचे पाणी तुमच्या अंगावर उडेल, आणि पंप धुतला असे म्हणणारे किती जण तो खरोखर धुतात हे मला ठाऊक आहे.

अलीकडे एक नवी गोष्ट मधे आली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असते. २०२२ साली देशात सरासरी दहा टक्के मिश्रण झाले आणि २०२५ पासून बहुतेक पंपांवर वीस टक्क्यांचे पेट्रोल मिळते. हे इथेनॉल आपल्याच उसाचे, मक्याचे, भाताचे आहे, म्हणून त्याच्याशी माझे भांडण नाही. पण जुन्या कार्बोरेटरला ही बातमी कुणी सांगितलेली नाही. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते, इथेनॉलला नऊ किलोच्या आसपास. जेट जुनेच राहिले तर वीस टक्क्यांच्या मिश्रणात इंजिनाला सात-आठ टक्के विरळ खुराक मिळतो. ज्या गाडीचे मिश्रण आधीच विरळ होते ती आता शिंकू लागते, सकाळी चोकवाचून उभी राहत नाही. चांगला मिस्त्री जेट बदलून किंवा मिश्रणाचा स्क्रू लावून ते बरोबर करू शकतो.

दुसरे असे की इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी त्यात विरघळून जाते, पण ते वाढले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पंपाची नळी तळातूनच ओढते. पावसाळाभर गोठ्यात उभी राहिलेली गाडी दसऱ्याला चालू केली आणि दोन आचके देऊन बंद पडली, तर टाकीच्या तळाचे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि उघड्यावर, विस्तवापासून लांब, अर्धा तास स्थिर ठेवा. बाटलीत आडवी रेघ दिसली तर ते पेट्रोल पुन्हा टाकीत घालू नका. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदाही या पेट्रोलने फुगतो किंवा चिरतो. बदलताना इथेनॉलला टिकणारे रबर मागून घ्या.

टायमिंग, झडपा आणि डोक्याचे पॅकिंग ही कामे गॅरेजची. तुम्ही एवढेच करा की प्लगच्या तारा काढण्यापूर्वी प्रत्येकीला दोऱ्याच्या गाठी मारून ठेवा, एक, दोन, तीन, चार. या जीपच्या इंजिनात ठिणगी १-३-४-२ या क्रमाने पडते. १-२-३-४ असा सरळ क्रम धरून तारा लावणारे हौशी लोक मी पाहिले आहेत, आणि त्यानंतरचे बारही ऐकले आहेत.

आता जिवावर बेतणाऱ्या दोन गोष्टी. गाडी चालू होत नाही म्हणून बाटलीने कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतण्याची वाईट सवय गावोगाव आहे. एक जण ओततो, दुसरा सेल्फ मारतो, गाडी शिंकते आणि ज्वाळा ओतणाऱ्याच्या हातातल्या बाटलीपर्यंत येते. हात, तोंड, छाती भाजते. हे कधीही करू नका आणि पोरांना करू देऊ नका. हवेचा फिल्टर काढून गाडी पळवणेही त्याच जातीचे. शिंकेची ज्वाळा फिल्टरच्या डब्यात अडते, डबा नसेल तर बॉनेटखाली पसरते.

दुसरी गोष्ट रेल्वे फाटकाची. गाडी रुळांवर बंद पडली तर आधी सगळ्यांना उतरवून रुळांपासून लांब पाठवा आणि फाटकवाल्याला ओरडून सांगा. गाडी दिसत नाही, पण खात्रीने वेळ आहे असे कळले, तरच पहिला गियर टाकून, क्लच सोडून सेल्फ मारा. बॅटरी चांगली असेल तर बंद इंजिनासकट गाडी सेल्फच्या जोरावर काही हात पुढे सरकते. जमले नाही तर गाडी तिथेच सोडा. व्हॅक्युमचा ब्रेक असलेल्या गाड्यांत इंजिन बंद पडले की एक-दोन दाबांनंतर ब्रेक दगडासारखा कडक होतो. तो निकामी झालेला नसतो, पाय जोरात दाबावा लागतो. घाटात हे ठाऊक असावे.

ज्यांच्याकडे डिझेल पिकअप आहे त्यांना ठिणगीचे हे पुराण लागू नाही, त्या इंजिनात प्लगची ठिणगीच नसते. इंजेक्शनच्या नव्या पेट्रोल गाड्यांत डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर संगणकावर तपासणारे गॅरेज गाठावे. तिथे पॉइंटही नाहीत आणि कार्बोरेटरही नाही.

आबांची जीप त्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तासभर चालू ठेवली. बंद पडली नाही, बारही झाला नाही. सायलेन्सरचे तोंड हौद्याखाली होते, ते मिस्त्रीकडून नळीचा तुकडा जोडून बाजूला, लोंबत्या कडब्यापासून लांब काढून घ्यायला सांगितले. काकूंनी वहीत कंडेन्सर आणि पॉइंटची रक्कम लिहिली, वरच्या कार्बोरेटरच्या रकमेकडे एकदा पाहिले आणि आबांकडे एकदा. आबा गाडीची चाके तपासायला गेले.

पुढच्या आठवड्यात डिझेल इंजिनाच्या नळीत हवा शिरली तर ती घरच्या घरी कशी काढावी ते पाहू. त्यासाठी दहा आणि बारा नंबरचा पाना शोधून ठेवा.